हृदयस्नायूचे इंधन : एका प्रश्नाचा इतिहास

१

माणसाचे हृदय वजनाने सुमारे ३०० ग्रॅम भरते. हा मूठभर स्नायू दिवसाकाठी जवळजवळ एक लाख वेळा आकुंचन पावतो आणि सुमारे ७,००० लिटर रक्त पुढे ढकलतो. हातापायांच्या स्नायूंना विसावा मिळतो; हृदयस्नायूला मात्र दोन ठोक्यांमधील क्षणार्धापलीकडे विसावा नाही. या अखंड श्रमाला लागणारी ऊर्जा त्याला कशापासून मिळते, हा प्रश्न म्हणूनच शरीरक्रियाविज्ञानात पुनःपुन्हा विचारला गेला आहे. आजची पाठ्यपुस्तके त्याचे उत्तर एका वाक्यात देतात : निरोगी प्रौढ हृदय आपली बहुतेक ऊर्जा वसाम्लांच्या, म्हणजे चरबीच्या घटकद्रव्यांच्या, ज्वलनातून मिळवते, उरलेली ग्लुकोज, लॅक्टिक अम्ल व कीटोन द्रव्ये यांपासून आणि थोडी ॲमिनो अम्लांपासून मिळते.

हे उत्तर आज सरळ वाटत असले तरी ते सरळ मार्गाने हाती आलेले नाही. स्नायूंचे इंधन म्हणून एके काळी प्रथिनांकडे बोट दाखविले जात असे. पुढे हृदयापुरते ते स्थान शर्करेला मिळाले आणि जवळजवळ अर्धशतक तिच्याकडेच राहिले. वसाम्लांची बाजू विसाव्या शतकाच्या मध्यानंतरच सिद्ध झाली. या फेरबदलांची कारणे केवळ ‘ज्ञान वाढत गेले’ असे म्हणून संपत नाहीत. प्रस्तुत लेखात असे दाखविण्याचा प्रयत्न आहे की, प्रत्येक काळी हृदयाने जे उत्तर दिले ते प्रयोगकर्त्याने त्याच्यापुढे काय ठेवले होते यावर अवलंबून होते. आणि त्याच्यापुढे काय ठेवावे, हे ठरविण्यात ‘इंधन’ या कल्पनेचा वाटा लहान नव्हता.

लेखकाचा विषय भाषाविज्ञान असल्यामुळे आरंभ शब्दापासून केला तर तो अप्रस्तुत ठरू नये. ‘इंधन’ हा शब्द संस्कृतातील इन्ध् म्हणजे पेटविणे, प्रज्वलित करणे, या धातूपासून आलेला आहे. मराठीत त्याच्या शेजारी जळण आणि सरपण हे शब्द आहेत. सरपण म्हटले की लाकूडफाटा डोळ्यांपुढे येतो. जळणात गोवऱ्याही आल्या आणि कोळसाही आला. इंधन हा त्या सर्वांहून व्यापक आणि ग्रंथांत रुळलेला शब्द होय. तिन्ही शब्दांच्या मागे मात्र चित्र एकच आहे, ते चुलीचे. चूल वेगळी आणि जळण वेगळे. जळण कोणीतरी बाहेरून घालावयाचे असते. एक सरपण संपले तर दुसरे घातले तरी चालते, चुलीत त्यामुळे काही फरक पडत नाही. ही तीन गृहीते शब्दाबरोबर न सांगता येतात. युरोपीय भाषांतील शब्दांची व्युत्पत्ती वेगळी असली तरी त्यांच्यामागील चित्र याहून फारसे निराळे नाही.

२

प्राणिदेहात ज्वलन चालते ही कल्पना शास्त्रीय स्वरूपात प्रथम मांडली ती आंत्वान लाव्हाझिए याने. १७८२-८३ च्या हिवाळ्यात त्याने व गणितज्ञ लाप्लास याने एका गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या पात्रात ठेवले आणि त्याच्या उष्णतेने किती बर्फ वितळते ते मोजले. त्याच प्राण्याने सोडलेल्या कार्बनी वायूइतकाच वायू कोळसा जाळून मिळविला तर किती बर्फ वितळेल, याच्याशी त्यांनी ही तुलना केली. दोन्ही आकडे पुष्कळ जवळ आले. श्वसन म्हणजे मंद ज्वलन होय, हा निष्कर्ष त्यांतून निघाला. पुढे सेगँ या सहकाऱ्याबरोबर केलेल्या संशोधनात लाव्हाझिएने प्राण्याची तुलना दिव्याशी केली : अन्नाने तेल भरून काढले नाही तर दिवा विझतो, तसा प्राणी मरतो.

येथे भाषेच्या अभ्यासकाला एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. लाव्हाझिएने या ज्वलनातील वायूला जे नाव दिले त्या ‘ऑक्सिजन’ शब्दाचा अर्थ ‘अम्ल उत्पन्न करणारा’ असा आहे. सर्व अम्लांत हा वायू असतोच, असे त्याला वाटत होते. ही समजूत पुढे चुकीची ठरली. नाव मात्र राहिले. मराठीने त्याच वायूला ‘प्राणवायू’ म्हटले आणि त्याच्या कार्यावरून नाव दिले. एखादा सिद्धान्त कालबाह्य झाल्यावरही त्याने घडविलेला शब्द टिकतो, आणि ‘इंधन’ या शब्दाचा विचार करताना हे ध्यानात ठेवावे लागते.

लाव्हाझिएच्या दिव्यात तेल कोणते, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाने हाती घेतला. यूस्टुस फोन लीबिख या प्रभावी जर्मन रसायनज्ञाने १८४२ मध्ये असे मत मांडले की, स्नायूंचे काम स्नायूंतील प्रथिनांच्या विघटनातून होते. शर्करा व चरबी यांचा उपयोग मुख्यतः देहाची उष्णता राखण्यापुरता असतो. स्नायू प्रथिनांचा बनलेला असल्यामुळे स्नायू स्वतःलाच झिजवून काम करतो, ही कल्पना पटण्याजोगी होती. म्हणजे या मताप्रमाणे चूल स्वतःच जळत होती.

या मताची परीक्षा प्रयोगशाळेत झाली नाही, ती एका डोंगरावर झाली. १८६५ च्या ऑगस्ट महिन्यात आडोल्फ फिक हा शरीरक्रियाशास्त्रज्ञ आणि योहानेस व्हिसलिसेनुस हा रसायनज्ञ, असे दोघे जण स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न हे शिखर चढून गेले. पायथ्याच्या ब्रीन्झ सरोवरापासून त्यांची चढण १,९५६ मीटरांची होती. आदल्या दिवसापासून त्यांनी प्रथिनयुक्त अन्न वर्ज्य केले. चरबीत तळलेल्या पिठुळ वड्या आणि साखर घातलेला चहा एवढाच त्यांचा आहार होता. चढताना व चढून गेल्यावर त्यांनी आपले मूत्र जमवून त्यातील नायट्रोजन मोजला आणि त्यावरून देहात किती प्रथिने खर्ची पडली असावीत याचा हिशेब केला. एवढ्या प्रथिनांतून स्वतःचे वजन शिखरापर्यंत नेण्याइतकीही ऊर्जा मिळणे शक्य नव्हते. १८६६ मध्ये एडवर्ड फ्रँकलंड याने निरनिराळ्या अन्नपदार्थांची ज्वलन-उष्णता प्रत्यक्ष मोजल्यावर हा हिशेब पक्का झाला. स्नायूंचे काम प्रामुख्याने शर्करा व चरबी यांच्यावर चालते, हे आता मान्य करणे भाग पडले.

फाउलहॉर्नचा प्रयोग पायांच्या स्नायूंविषयी काही सांगत होता, त्यांतही संपूर्ण देहाच्या हिशेबातून. हृदयाविषयी तो गप्प होता. एकट्या हृदयाचा जमाखर्च मांडावयाचा तर ते देहापासून वेगळे करणे आवश्यक होते.

३

बेडकाचे हृदय देहाबाहेर काही काळ धडधडत ठेवता येते हे पूर्वीच माहीत होते. सिडनी रिंगर याने १८८२-८३ मध्ये त्यासाठी योग्य क्षारद्रावण शोधून काढले होते. सस्तन प्राण्याचे हृदय मात्र अधिक हट्टी. १८९५ मध्ये जर्मनीतील रोस्टॉक येथे ऑस्कर लांगेनडॉर्फ याने एक साधी पण बुद्धिमान युक्ती योजली. हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीत त्याने उलट्या दिशेने द्रव सोडला. त्या दाबाने महारोहिणीच्या मुखावरील झडप बंद होते आणि द्रवाला हृदयाच्या स्वतःच्या रोहिण्यांत शिरण्यावाचून दुसरी वाट उरत नाही. स्नायूचे पोषण चालू राहते आणि हृदय तासन्‌तास ठोके देत राहते. ही पद्धत त्याच्या नावाने आजही वापरात आहे.

इंग्लंडमध्ये फ्रँक लॉक याने रिंगरच्या द्रावणात ग्लुकोज घातले, तेव्हा वेगळे काढलेले हृदय अधिक काळ व अधिक जोमाने चालते असे दिसून आले. १९०७ मध्ये लॉक आणि ओटो रोझेनहाइम यांनी सशाच्या हृदयातून असे द्रावण पुनःपुन्हा फिरवून त्यातील ग्लुकोज कमी होत जाते हे मापनाने सिद्ध केले. हृदय शर्करा वापरते याविषयी आता शंका उरली नाही.

हा निष्कर्ष खराच होता. पण त्याबरोबर एक न बोललेला निष्कर्षही रुजला : हृदय शर्करा वापरते, म्हणून शर्करा हे हृदयाचे इंधन होय. प्रयोगपात्रातील द्रावणात क्षार, प्राणवायू आणि ग्लुकोज यांच्याखेरीज काहीच नव्हते, याचा विसर पडणे सोपे होते. ज्याच्यापुढे एकच पदार्थ वाढला आहे त्याची आवड त्या पानावरून ठरविता येत नाही. चरबी पाण्यात विरघळत नसल्यामुळे ती अशा द्रावणात मिसळणेही कठीण होते. म्हणजे तिला वगळण्याचे कारण हृदयाच्या स्वभावात नव्हते, ते द्रावणाच्या स्वभावात होते.

शर्करेवरील या विश्वासाला पहिला धक्का लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बसला. १९१२ मध्ये नोल्टन आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी कुत्र्याचे हृदय व फुप्फुसे एकत्र ठेवून त्यांतून रक्त खेळविण्याची रचना सिद्ध केली. द्रावणाऐवजी रक्त आल्यामुळे हृदयापुढील ‘पान’ प्रथमच पुष्कळसे भरलेले होते. स्वादुपिंड काढलेल्या मधुमेही प्राण्याचे हृदय शर्करा वापरू शकत नाही, असे त्यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी पॅटर्सन व स्टार्लिंग यांना या निष्कर्षापासून मागे हटावे लागले, कारण एकेका हृदयाच्या वापरात फार फरक आढळत होता आणि स्नायूत आधीच साठलेल्या ग्लायकोजेनचा हिशेबही धरावा लागत होता. इन्शुलिनचा शोध लागण्यास त्या वेळी आणखी आठ वर्षे होती.

अधिक चिरस्थायी ठरले ते त्याच प्रयोगशाळेतील लव्हॅट एव्हान्स यांचे काम. त्यांनी रक्तातील शर्करेऐवजी वायू मोजले. बाहेर पडलेला कार्बन डाय-ऑक्साइड भागिले वापरलेला प्राणवायू, या गुणोत्तराला श्वसन-गुणांक म्हणतात. केवळ शर्करा जळत असेल तर तो १ येतो. केवळ चरबी जळत असेल तर सुमारे ०.७ येतो. एव्हान्स यांना हृदयासाठी मिळालेला गुणांक सामान्यतः १ च्या खाली होता. याचा अर्थ, शर्करेखेरीज दुसरे काहीतरी तेथे जळत होते. १९४१ मध्ये क्रूकशँक आणि कोस्टरलिट्झ यांनी शर्करारहित रक्तावर चालणारे सस्तन प्राण्याचे हृदय चरबी वापरते असा पुरावा दिला. तरीही रक्तातील कोणत्या रूपातील चरबी हृदयापर्यंत पोचते, हे सांगता येत नव्हते. आणि ज्या पदार्थाचे नाव सांगता येत नाही तो पाठ्यपुस्तकात शिरत नाही.

४

येथपर्यंतची सारी हृदये प्राण्यांची आणि देहाबाहेरची होती. जिवंत माणसाच्या हृदयाचा जमाखर्च मांडण्याची वाट एका तरुण डॉक्टरच्या धाडसातून निघाली. १९२९ मध्ये जर्मनीतील एबर्सवाल्ड येथे व्हेर्नर फोर्समान याने स्वतःच्या हाताच्या शिरेतून एक बारीक नळी हृदयापर्यंत सरकविली आणि क्ष-किरण विभागात चालत जाऊन तिचे छायाचित्र घेतले. त्या वेळी त्याची उपेक्षाच झाली. न्यूयॉर्कमध्ये आंद्रे कूर्नां व डिकिन्सन रिचर्ड्‌स यांनी ही पद्धत विकसित केली आणि १९५६ चे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळून देण्यात आले.

ही नळी सामान्यतः हृदयाच्या उजव्या कप्प्यांत नेली जाई. हृदयस्नायूतून फिरून आलेले रक्त ज्या लहानशा शिरा-पोकळीत जमते, जिला कॉरोनरी सायनस म्हणतात, तिच्यात ती नेण्याचा मान रिचर्ड बिंग यांच्याकडे जातो. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथे जन्मजात हृदयविकारांची तपासणी करीत असता नळी चुकून त्या पोकळीत शिरली, आणि या चुकीचे मोल त्यांनी ओळखले. १९४७ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. तिचे तत्त्व साधे आहे. हृदयाकडे जाणाऱ्या रक्तात एखादे द्रव्य किती आहे ते मोजावयाचे, हृदयातून परतणाऱ्या रक्तात किती उरले ते मोजावयाचे, आणि वजाबाकी करावयाची. हृदयस्नायू विश्रांतीच्या अवस्थेतही आपल्याकडे आलेल्या रक्तातील सुमारे ७० ते ७५ टक्के प्राणवायू काढून घेतो, म्हणून परतणारे रक्त अतिशय काळपट असते. प्राणवायूचा खर्च माहीत असला की त्यातील कितवा भाग कोणत्या द्रव्याच्या ज्वलनाकडे गेला हे काढता येते.

१९५० नंतरच्या काही वर्षांत बिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेला हा जमाखर्च जुन्या समजुतीला मानवणारा नव्हता. रात्रभर उपाशी असलेल्या माणसाचे हृदय जो प्राणवायू वापरते त्याचा मोठा हिस्सा शर्करेच्या खात्यात बसत नव्हता. तो चरबीच्या खात्यातच मांडावा लागत होता. रक्तात ग्लुकोज वाढले की हृदयाची ग्लुकोजची उचलही वाढे. लॅक्टिक अम्ल वाढले की त्याची वाढे. जे अधिक येईल ते हृदय अधिक घेत होते.

चरबीचे नेमके रूप १९५६ मध्ये सापडले. व्हिन्सेंट डोल यांनी, तसेच स्वतंत्रपणे गॉर्डन व चेरकेस यांनी, रक्तद्रवात अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून वाहणाऱ्या मुक्त वसाम्लांचे महत्त्व दाखवून दिले. रक्तातील एकूण चरबीच्या मानाने त्यांचे प्रमाण अगदी थोडे असते. म्हणूनच ती इतके दिवस दुर्लक्षित राहिली. परंतु ती काही मिनिटांतच रक्तातून उचलली जातात व तितक्याच वेगाने नवी येत राहतात. येथे पूर्वीच्या संशोधकांची गफलत लक्षात येते : साठा थोडा म्हणून व्यवहार थोडा असावा, असे त्यांनी मानले होते. व्यापाऱ्याची गल्ल्यातील रोकड पाहून त्याच्या वर्षाच्या उलाढालीचा अंदाज करण्यासारखेच हे होते.

५

आता दोन इंधने हाती आली होती. ‘हृदयाला कोणते अधिक आवडते ?’ असा प्रश्न त्यानंतर सर्रास विचारला जाऊ लागला, आणि ‘हृदय वसाम्लांना पसंती देते’ हे वाक्य पाठ्यपुस्तकांत रूढ झाले. ‘पसंती’ हे येथे अर्थातच रूपक आहे. त्या रूपकामागील यंत्रणा कोणती, हे दाखविण्याचे श्रेय केंब्रिज येथील फिलिप रँडल व त्यांचे सहकारी गार्लंड, हेल्स व न्यूजहोम यांना आहे. उंदराच्या हृदयावर व श्वासपटलावर केलेल्या प्रयोगांच्या आधारे १९६३ मध्ये त्यांनी ‘ग्लुकोज-वसाम्ल चक्र’ मांडले.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : वसाम्ले जळू लागली की त्या ज्वलनात उत्पन्न होणारी द्रव्येच शर्करेच्या मार्गावरील एंझाइमांना आवर घालतात. ॲसिटिल को-एंझाइम ए हे द्रव्य वाढले की पायरुव्हेटच्या पुढील वाट अडते. सायट्रेट वाढले की त्याही अलीकडची एक पायरी मंदावते. उलट, जेवणानंतर इन्शुलिन वाढले की चरबीच्या साठ्यांतून वसाम्ले सुटणे कमी होते आणि शर्करेची वाट मोकळी होते. निवड करणारा कोणी नसतो. इंधनेच परस्परांचे नियमन करतात. चुलीच्या चित्रात याला जागा नाही, कारण चुलीत घातलेली गोवरी लाकडाला जळण्यापासून रोखत नाही.

शिवाय एव्हाना हेही उघड झाले होते की, ही द्रव्ये हृदयाच्या आकुंचनाला प्रत्यक्ष कारण होतच नाहीत. १९२९ मध्ये जर्मनीत लोहमान याने, आणि हार्वर्डमध्ये फिस्क व आंध्रातून तेथे गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी, एटीपी हे द्रव्य स्नायूंतून वेगळे केले. वसाम्ल जळो वा शर्करा, शेवटी एटीपीच तयार होते आणि आकुंचनाला तेच खर्ची पडते. हृदयात कोणत्याही क्षणी असलेला एटीपीचा साठा काही सेकंदांपुरता असतो. पण दिवसभरात मोडून पुन्हा घडविलेल्या एटीपीचे वजन सुमारे ६ किलोग्रॅम, म्हणजे हृदयाच्या वजनाच्या वीसपट, भरते. तेव्हापासून एटीपीला ‘ऊर्जेचे चलन’ म्हणण्याचा प्रघात पडला. चुलीची जागा अशा रीतीने पेढीने घेतली. हेही रूपकच, पण उलाढाल व साठा यांतील भेद त्यात मावतो, एवढा त्याचा गुण मानला पाहिजे.

६

हा सारा वाद शब्दांपुरता असता तर त्याचा इतिहास लिहिण्याचे फारसे प्रयोजन नव्हते. त्याचा संबंध रुग्णाच्या खाटेशी आला, म्हणून त्याला गांभीर्य आहे.

समान प्राणवायूत वसाम्लांपेक्षा ग्लुकोजपासून सुमारे एक दशांश अधिक एटीपी मिळते. हृदयविकाराच्या झटक्यात स्नायूच्या एका भागाचा प्राणवायूच तुटलेला असतो. त्या वेळी रक्तात वसाम्लांचे प्रमाण मात्र वाढलेले असते. १९६८ मध्ये ऑलिव्हर, कुरियन व ग्रीनवुड यांनी अशा रुग्णांत ही वाढ व ठोक्यांतील घातक अनियमितता यांचा संबंध दाखविला होता. अशा वेळी हृदयाला शर्करेकडे वळविले तर ते वाचेल, हा विचार तर्काला धरूनच होता. मेक्सिकोत सोदी-पायारेस यांनी १९६२ मध्ये त्यासाठी ग्लुकोज, इन्शुलिन व पोटॅशियम यांचे द्रावण शिरेतून देण्याचा पुरस्कार केला. लहान लहान पाहण्यांतून आशादायक आकडे येत राहिले, आणि चार दशके हा उपाय ना पूर्ण स्वीकारला गेला ना पूर्ण टाकला गेला. अखेर २००५ मध्ये भारत, चीन व लॅटिन अमेरिका येथील रुग्णांसह एकूण २०,२०१ रुग्णांवर घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हे द्रावण दिलेल्या व न दिलेल्या रुग्णांच्या मृत्युप्रमाणात फरक आढळला नाही.

या अपयशाची वैद्यकीय कारणे तज्ज्ञांनी चर्चिली आहेत. त्यांत शिरण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकाला नाही. एवढे मात्र म्हणता येईल की, ‘एक जळण काढून दुसरे घाला’ हा सल्ला चुलीच्या बाबतीत निर्धोक असला तरी हृदयाच्या बाबतीत तो तितका साधा नव्हता. ज्या वाहिनीतून द्रावण पोचावयाचे तीच अडलेली असते, ही गोष्टदेखील ‘इंधन बदलणे’ या शब्दप्रयोगात झाकली जाते.

अलीकडील संशोधनाने तर तिसरे गृहीतही ढासळले आहे. चूल जळणामुळे बदलत नाही, हृदय बदलते. गर्भावस्थेत ते मुख्यतः ग्लुकोज व लॅक्टिक अम्ल यांवर चालते. जन्मानंतर दूध व मोकळा श्वास मिळाल्यावर ते वसाम्लांकडे वळते. दुबळे होत जाणारे हृदय पुन्हा आपली घडी बदलते. श्टेफान नॉयबाउअर यांनी २००७ मध्ये अशा हृदयाला ‘इंधन संपलेले यंत्र’ म्हटले होते. २०१६ मध्ये दोन संशोधकगटांनी दुबळ्या हृदयात कीटोन द्रव्यांचा वापर वाढतो असे दाखविले. २०२० मध्ये मुराशिगे व सहकाऱ्यांनी बिंग यांचीच जुनी वजाबाकी नव्या साधनांनी पुन्हा केली. या वेळी एकाच रक्तनमुन्यातील शेकडो द्रव्ये एकदम मोजली गेली. उपाशीपोटी तपासलेल्या माणसाच्या हृदयाने वसाम्ले भरपूर घेतली, दुबळ्या हृदयाने कीटोन द्रव्ये अधिक घेतली. रक्तातील ग्लुकोजची उचल मात्र जवळजवळ नगण्य निघाली. लॉक व रोझेनहाइम यांच्या सशाला मानवी हृदयाने दिलेले हे उत्तर ११३ वर्षांनंतरचे होते.

७

यावरून लॉक चुकले असे समजणे अन्यायाचे होईल. सशाच्या हृदयाने ग्लुकोज वापरले होते, आणि त्यांनी तेवढेच मोजले होते. उपाशी माणसाच्या हृदयाने ग्लुकोज घेतले नाही हेही तितकेच खरे. नुकत्याच जेवलेल्या माणसाविषयी मात्र त्यावरून निर्णय देता येत नाही. दोन्ही प्रयोगांत हृदय तेच करीत होते : जे पुढे आले त्यातून काम चालविणे. एका विशिष्ट परिस्थितीतील वर्तनाला जेव्हा आपण ‘स्वभाव’ म्हणतो, तेव्हा दोष मापनाचा नसतो, वाक्यरचनेचा असतो. ‘हृदय अमुक परिस्थितीत शर्करा वापरते’ या विधानातील क्रियाविशेषण गळून पडले की ‘हृदयाचे इंधन शर्करा’ असे षष्ठीचे विधान उरते. आणि षष्ठी विभक्ती तात्पुरत्या संबंधालाही कायमच्या मालकीचे रूप देते.

शास्त्रेतिहासाच्या विद्यार्थ्याला या प्रकरणातून एक व्यावहारिक सूचना घेता येण्याजोगी आहे. जुन्या प्रयोगाचा निष्कर्ष वाचण्यापूर्वी त्याच्या द्रावणाची कृती वाचावी. प्रयोगपात्रात काय काय होते, आणि विशेषतः काय नव्हते, हे पाहिले म्हणजे निष्कर्षाची मर्यादा आपोआप कळते. ‘इंधन’ हा शब्द आता बदलावा असे मात्र सुचवावयाचे नाही. ‘ऑक्सिजन’ हे नाव चुकीच्या सिद्धान्तातून आलेले असूनही जसे निर्वेधपणे वापरले जाते, तसाच हाही वापरला जाईल. वापरणाऱ्याने त्यामागची चूल ओळखून असावे, एवढेच.